घणभावजींची वासना

माझ्या दिरांना पुरलं त्या दिवशी चर्चमध्ये नवे पाळक म्हणाले की हा माणूस मोठा क्षमाशील होता, आणि मी पहिल्याच बाकावर बसून फिस्सकन हसले. सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. म्हातारी आहे, दुःखाने डोक्यावर परिणाम झाला असेल, असं म्हणून मला सोडून दिलं. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला खोटं ऐकवत नाही, एवढंच. क्षमाशील म्हणे! माझे दीर कत्तलखान्यात जनावरं पाडायचे, त्यांचा तोल जायला एक शब्द पुरायचा, आणि त्यांनी जन्मात कुणाला क्षमा केली नाही. एकदा एका माणसाला जिवंत सोडलं, ते खरं. पण ते का सोडलं हे मला माहीत आहे, नव्या पाळकांना नाही.

त्यांना सगळे घण म्हणत, म्हणून मी घणभावजी म्हणायचे. पिस्तूल येण्याआधी आमच्या कत्तलखान्यात जनावर घणाने पाडत. लोखंडी पट्ट्यांच्या खोड्यात त्याची मान अडकवायची, कपाळावरची जागा हेरायची आणि एकच घाव घालायचा. दुसरा घालावा लागला तर भावजी त्या दिवशी जेवायचे नाहीत. पुढे पिस्तूल आलं. ते कपाळाला टेकवून चाप ओढला की आतला लोखंडी दांडा कवटीत शिरायचा आणि परत नळीत यायचा. जनावर पाय दुमडून खाली बसायचं. मग मागची माणसं साखळी लावून ते वर उचलायची आणि गळा चिरायची. घण गेला, भावजींचं नाव तेवढं राहिलं.

कत्तलखान्याचे नियम भिंतीवर रंगवलेले होते, पण खरे नियम दोनच. एक म्हणजे फाटकातून आत आलेलं जनावर जिवंत बाहेर जायचं नाही. बाजारात रोग पसरू नये म्हणून तो नियम. मालक रडला, दलाल पाया पडला, तरी आत आलं म्हणजे संपलं. दुसरा नियम कामगारांनी स्वतःच केलेला. जेवणाची घंटा झाली की जेवणघराच्या दाराशी असलेल्या फळीवर आपापल्या खिळ्याला सुरी अडकवायची आणि मगच आत जायचं. पत्र्याच्या लांब टेबलाशी सुरी कुणी न्यायची नाही. पाव असो की मांस, हाताने तोडून खायचं. दिवसभर रक्तात उभे राहणाऱ्या माणसांना ठाऊक होतं की हातात पातं असलं की हात त्याचंच ऐकतो.

त्या टेबलाच्या एका टोकाला तिघे शेजारी शेजारी बसत. भावजी, माझा नवरा आणि सोल्या. सोल्या कातडी सोलायचा, म्हणून सोल्या. त्याच्यासारखा हात कुणाचाच नव्हता. अख्खं कातडं तो अंगातला सदरा काढावा तसं उतरवायचा, एकही भोक न पाडता. तिघे लहानपणापासूनचे. सोल्या आमच्या घरी यायचा, माझ्या सासूच्या हातचं खायचा आणि माझ्याकडे बघायचा. बायकांना कळतं. मी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण नुसत्या बघण्यावरून काय सांगायचं? तो बघायचा आणि नजर खाली घालायचा.

एके दिवशी नजर खाली घालायची त्याची ताकद संपली असावी. जेवताना तो माझ्याबद्दल काहीतरी बोलला. काय बोलला ते मला पुढे दहाजणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं आणि मी एकही इथे लिहिणार नाही. माझा नवरा टेबलावरून उडी मारून त्याच्या अंगावर गेला. दोघे मारत, चावत, घसरत बाहेरच्या बोळात आले. तिथे वरच्या दांडीला मांस टांगायचे आकडे होते. माझ्या नवऱ्याने सोल्याचं नाक फोडलं, दोन दात पाडले, गळा आवळला. सोल्याचा हात वर गेला आणि त्याच्या हाताला आकडा लागला. तो माझ्या नवऱ्याच्या हनुवटीखालून आत गेला. सुऱ्या सगळ्या फळीवर जागच्या जागी होत्या. नियम कुणीही मोडला नव्हता.

आकडा भावजींनी स्वतःच्या हातांनी काढला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घरी आले तेव्हा त्यांच्या अंगावर भावाचं रक्त कुठलं आणि जनावरांचं कुठलं ते मला वेगळं करता येईना, आणि मी त्यांच्या छातीवर मुठी मारत राहिले. ते उभे राहिले, मारू दिलं.

कोर्टाने त्याला अचानक उद्भवलेलं भांडण म्हटलं. सोल्या काही वर्षं आत गेला. मला नवऱ्याच्या जागी नोकरी मिळाली, आतडी धुण्याच्या खोलीत. घरात सासू, मी आणि भावजी. विधवा भावजय आणि बिनलग्नाचा दीर एका छपराखाली, म्हणजे लोकांच्या तोंडाला काम मिळालं. मी कुणाला भीक घातली नाही. सासू रोज तीन ताटं मांडायची, चौथं मांडायला हात जायचा आणि परत यायचा.

मग शिक्षा संपवून सोल्या परत आला, आणि व्यवस्थापकाने त्याला कामावर घेतलं. म्हणाला, त्याला दुसरं कुणी घेत नाही आणि असा हात दुसऱ्या कुणाकडे नाही. आमच्या नजरेसमोर नको म्हणून मागच्या मिठाच्या खोलीत ठेवलं, कातडी मिठात घालायला. तिथेच काम आणि तिथेच एकट्याने जेवण. पण वास कुठे लपतो? त्याच भिंतीपलीकडे तो श्वास घेतोय हे मला दिवसभर कळायचं. मला तो मेलेला हवा होता. गरम पाण्यात आतडी उलटी करताना मी त्याचीच आहेत असं समजून पिळायचे. हे मी तेव्हाही लपवलं नाही. भावजींना स्पष्ट विचारलं होतं, अजून किती दिवस? ते म्हणाले, बघू.

भावजी दर रविवारी चर्चमध्ये जायचे. धार्मिक होते म्हणून नव्हे. सासूला हात धरून न्यावं लागायचं. तेव्हाचे आमचे पाळक तरुण होते, काडीसारखे, कुठेतरी लांब जाऊन ग्रीक शिकून आलेले. बुधवारी संध्याकाळी शास्त्राचा वर्ग घ्यायचे. एक ग्रीक शब्द घ्यायचा आणि कांद्यासारखा सोलत बसायचं. म्हाताऱ्या पेंगायच्या. एका बुधवारी त्यांनी शब्द घेतला, एपिथुमिया. म्हणाले, आपल्या शास्त्रात याला वासना म्हटलंय. यातल्या थुमॉसचा अर्थ आतली उकळी, संताप. ही वासना आतून उकळत वर येते. मग म्हणाले की शास्त्र सांगतं, वासनेला गर्भ राहतो, ती पापाला जन्म देते, आणि पाप मोठं झालं की मरणाला जन्म देतं. बाईकडे वासनेने पाहिलं तरी मनात व्यभिचार झालाच. भावावर मनात राग धरला तर तोही हिशेबातून सुटत नाही.

भावजी कधी वर्गात बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, एकदा गर्भ राहिला की मागे फिरता येतं का? पाळकांना वाटलं हा ग्रीकचा प्रश्न आहे. त्यांनी पुस्तकी उत्तर दिलं. म्हणाले, देवाच्या नजरेत मनातलं आणि हातून घडलेलं एकच.

हे उत्तर दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर तो घाबरून नीट वागला असता. भावजींना ते दिलं, आणि भावजींनी ते कत्तलखान्यात नेलं. मला ते नंतर समजलं. त्याच महिन्यात एक गाभण गाय चुकून आत आली होती. पाडल्यावर पोट फाडलं तेव्हा कळलं. गर्भाची पिशवी माझ्या टेबलावर आली आणि आतून लाथ बसली. मी किंचाळले. भावजी धावत आले, पिशवी चिरली, ओलं वासरू डोळे मिटून तोंड उघडत होतं. आत आलेलं जिवंत बाहेर जात नाही. त्यांनी तिथेच त्याची मान मोडली, आणि मोरीत जाऊन ओकले.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळे मिळून भाकर खातात ते. भाकर आणि प्याला रांगेत पुढे आला तेव्हा भावजींनी हात मागे घेतला. सगळ्यांनी पाहिलं. ते उठून शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथून पुढे तिथेच बसायला लागले. घरी मी विचारलं, हे काय नवीन? ते बूट काढत होते. मान वर न करता बोलले.

"माझं पाप होऊन गेलंय, वहिनी. सोल्याला मी मनात रोज मारतो. पाळक म्हणतात ते आणि हे एकच. मग फाटकातून आत आलेलंच जनावर आहे ते. आता फक्त पाडायचं राहिलंय."

मी इतके दिवस ज्याची वाट पाहत होते ते समोर येऊन बसलं होतं, आणि मला ते नको झालं. कारण मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की सोल्या मेला की हेही जातील. फासावर नाही तर जन्मठेपेवर. सासू दोन ताटं मांडेल. माझ्या डोक्यात सोल्याला मारणारा हात होता, पण तो हात ज्याचा तो माणूस माझ्यासमोर मोजे काढत बसला होता, आणि मोज्याला अंगठ्याशी भोक होतं.

मी तशीच उठले आणि पाळकांच्या घरी गेले. ते चहा पीत होते. तुमच्या एका शब्दापायी माझा दीर खुनी होणार आहे, असं मी दारातूनच सांगितलं. आधी त्यांना कळेना. कळलं तेव्हा कप खाली ठेवला. म्हणाले, मी तसं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही काय म्हटलं त्याला कोण विचारतो? त्यांनी काय ऐकलं ते सांगतेय.

मग त्यांनी पुस्तक काढलं. म्हणाले, एक चूक झाली माझी, मी अर्धंच शिकवलं. हाच शब्द शास्त्रात आणखी एका जागी आहे, आणि तिथे तो खुद्द प्रभूच्या तोंडी आहे. मरणाच्या आदल्या संध्याकाळी तो शिष्यांबरोबर टेबलाशी बसला आणि म्हणाला की तुमच्याबरोबर हे जेवण जेवायची मला फार फार ओढ होती. तीच उकळी, तोच जोर. आपल्या भाषांतरात तिथे वासना लिहायचा कुणाला धीर झाला नाही. तो शब्द मुळात चांगला नाही, वाईटही नाही. दाव्याला हिसडा मारणारं जनावर असतं तसा आहे. ते कुठे ओढतंय ते बघायचं.

मला त्यांच्या जनावराचं कौतुक नव्हतं. मी विचारलं, त्या टेबलावर त्याला शत्रूंना विकणारा शिष्यही होता ना? होता, ते म्हणाले, एकाच ताटात दोघांचा हात होता. मग प्रभूने त्याला तिथेच का नाही मारलं, मी विचारलं. पाळकांनी पुस्तक मिटलं.

"त्याला त्याहून जास्त काहीतरी हवं होतं, बाई," ते म्हणाले. "बाकीचं मलाही नीट माहीत नाही."

त्या माणसाचं मला तेवढं एकच वाक्य आवडलं. येत्या बुधवारी मी स्वतः त्यांना समजावतो, असं त्यांनी कबूल केलं.

बुधवार उजाडलाच नाही. म्हणजे उजाडला, पण त्याआधी मंगळवार आला. जेवणाची घंटा झाली. मी हात धुऊन जेवणघराशी आले आणि सवयीने फळीकडे पाहिलं. सगळ्या सुऱ्या होत्या. फक्त भावजींचा खिळा मोकळा होता. आत टेबलाच्या टोकाला त्यांची जागाही मोकळी. बाकीचे खात होते. मी कुणाला काही न सांगता धावत मागे गेले.

मिठाच्या खोलीत एक कातडं अर्धं मीठ लावून पडलं होतं. शेजारी सोल्याचा डबा उलटा, आणि मिठावर रक्ताचा लांब ओरखडा दारापर्यंत. भावजींनी त्याला केसांना धरून फरफटत नेलं होतं. मी त्या ओरखड्यामागून गेले.

खोड्यापाशी पोहोचले तेव्हा सोल्या आत होता. जनावराच्या मापाचा तो खोडा, त्यात माणूस गुडघ्यांवर, मान लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये अडकलेली. पट्टी जोरात आवळल्याने त्याचा एक कान अर्धा तुटून लोंबत होता. खांद्याचं हाड बाहेर आल्यासारखं वाकडं दिसत होतं. नाकातोंडातून रक्त गळून खालच्या जाळीतून थेंब थेंब मोरीत पडत होतं. भावजींच्या कमरेला सुरी होती आणि हातात पिस्तूल. ते त्यांनी सोल्याच्या कपाळाला टेकवलेलं होतं, बरोबर त्या जागी.

सोल्या रडत नव्हता. तुटक्या दातांतून म्हणाला, "ओढ चाप. वाट बघून कंटाळलोय मी."

भावजींनी मला पाहिलं. त्यांचे डोळे जनावर पाडताना असायचे तसे होते, शांत. म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाहेर जा. हे आत आलंय."

मी सोल्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी तो माझ्याकडे बघत होता आणि आता नजर खाली घालायला त्याची मान मोकळी नव्हती. माझ्या नवऱ्याचं जे झालं ते मला दिसलं, हनुवटी, आकडा, सगळं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. हो, पाणी सुटलं, भुकेल्याला सुटतं तसं. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. गप्प राहिले असते तरी झालं असतं.

"भावजी," मी म्हटलं, "मला हा मेलेला हवाय. तुमच्याइतकाच हवाय. पण तुम्ही समोर बसून जेवताना दिसायला हवे, हे मला त्याहून जास्त हवंय. मी एकटी नाही जेवणार त्या टेबलावर. चला, पाव गार होतोय."

त्यांनी पिस्तूल हलवलं नाही. मागे जनावरांच्या कोंडवाड्यात एक बैल दाराला धडका देत होता, धाड, धाड, आणि प्रत्येक धडकेला मला वाटत होतं चाप ओढला.

मग भावजींच्या घशातून एक आवाज निघाला, तसा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नाही. त्यांनी पिस्तूल वळवलं, खोड्याच्या लाकडी खांबाला टेकवलं आणि चाप ओढला. दांडा लाकडात घुसला, ढलपी उडून त्यांच्या गालात शिरली. परत भरलं, परत ओढला. खांब फुटेपर्यंत. सोल्याने धोतरात मुतलं होतं, ते रक्तात मिसळून वाहत होतं. मग त्यांनी पट्टीची कडी काढली, सोल्याचं बखोट धरलं, त्याला अंगणातून फरफटत फाटकापर्यंत नेलं आणि बाहेर रस्त्यावर फेकून दिलं. फाटकावरचा रखवालदार तोंड उघडं टाकून बघत राहिला. त्या फाटकातून जिवंत बाहेर गेलेला तो एकटाच.

जेवणघराच्या दाराशी आल्यावर भावजी थांबले. कमरेची सुरी काढून खिळ्याला अडकवली. हात न धुताच आत आले आणि माझ्यासमोर बसले. त्यांनी पाव उचलला, पण बोटं इतकी थरथरत होती की तुटेना. मी तोडून अर्धा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो रक्तासकट खाल्ला. चावताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालातली ढलपी तशीच होती. मी पण खाल्लं. नवरा गेल्यापासून मला पहिल्यांदा चव लागली.

मी खोड्यापाशी काय बोलले ते कुणीतरी ऐकलं होतंच. ते गावभर झालं आणि लोकांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. लावू दे. सोल्या परत कधी दिसला नाही. एका बाजूचा कान नसलेला माणूस लांबच्या कुठल्याशा शहरात कातडी सोलतो, असं कुणी कुणी सांगायचं. पोलिसांत तो गेला नाही. खांब फोडल्याबद्दल भावजींना खोड्यावरून काढून धुण्याच्या कामावर घातलं, आणि पुढची सगळी वर्षं ते माझ्या शेजारी आतडी धूत राहिले. तोल अजूनही जायचा. एकदा त्यांनी व्यवस्थापकाच्या अंगावर बादली ओतली, गरम.

आजारी पडले तेव्हा हेच नवे पाळक बघायला आले. त्यांच्या कानावर जुनी गोष्ट आली होती, त्यांना ती भाषणासाठी हवी होती हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांनी खाटेपाशी वाकून हळूच विचारलं की भावाच्या मारेकऱ्याला क्षमा करायचं बळ तुम्हाला कुठून आलं.

भावजींनी एक डोळा उघडला. म्हणाले, "क्षमा कुठली? अजून समोर आला तर मारीन." मग दम घेतला आणि माझ्याकडे बोट केलं. "वहिनींनी जेवायला बोलावलं होतं. मला भूक लागली होती."